काव्यरत्नावली ते कवितारती : खानदेशातील काव्यनियतकालिकांची वाटचाल

ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती येण्यापूर्वी बहुतेक कविता नियतकालिकाच्या पानावर प्रथम अवतरते. संग्रह निघण्यास कित्येक वर्षे लागतात. काही वेळा तो कवीच्या हयातीत निघतच नाही. दरम्यानच्या काळात कविता जपून ठेवण्याचे, ती जाणत्या वाचकांपुढे ठेवण्याचे आणि कवीला आपल्या लेखनाची पारख करून देण्याचे कार्य नियतकालिक करीत असते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत मागावर उभा राहणारा कामगार असो, की सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शाळेतील शिक्षक असो, नवे लेखन करणाऱ्यास मोठ्या शहरातील प्रकाशकाचा दरवाजा सहसा गाठता येत नाही. मासिकाच्या संपादकाचा पत्ता मात्र त्यास अंकावरून कळतो आणि टपालखाते त्याचे पाकीट तेथवर पोहोचविते. या दृष्टीने केवळ कवितेला वाहिलेल्या नियतकालिकांचा इतिहास हा वाङ्मयाचा तसाच समाजाच्या अभिव्यक्तीचाही इतिहास होय.

मराठीत केवळ कवितेसाठी निघालेल्या आणि दीर्घकाळ टिकलेल्या नियतकालिकांत दोन नावे ठळकपणे पुढे येतात. पहिले जळगावचे 'काव्यरत्नावली' आणि दुसरे धुळ्याचे 'कवितारती'. ही दोन्ही नियतकालिके पुणे-मुंबईत न निघता खानदेशात निघाली, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी मुद्रणाचा प्रसार झाला, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष प्रथम प्राचीन कवितेकडे वळले. हस्तलिखित पोथ्यांतून विखुरलेली रचना नष्ट होण्यापूर्वी छापून काढावी, हा त्यामागील हेतू होता. माधव चंद्रोबा डुकले यांनी १८६० मध्ये 'सर्वसंग्रह' सुरू केला. पुण्यात १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' निघाला. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. पुढे १८९० मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने 'काव्यसंग्रह' ही माला हाती घेतली. वामन दाजी ओक आणि मोडक यांनी तिच्यासाठी केलेले संशोधन आजही आधारभूत मानले जाते.

हे सर्व प्रयत्न मोलाचे होते. तथापि त्यांचा मुख्य भर होऊन गेलेल्या कवींवर होता. जो कवी आज लिहीत आहे, त्याच्यासाठी स्वतंत्र व्यासपीठ असावे, ही गरज त्यांतून भागण्यासारखी नव्हती.

जळगावचे धाडस

ही गरज ओळखून नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगाव येथे 'काव्यरत्नावली' हे मासिक सुरू केले. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे येथे होते. जिल्ह्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे विभाजन १९०६ मध्ये झाले आणि त्यानंतर जळगाव हे जिल्ह्याचे ठिकाण बनले. म्हणजे मासिकाचा आरंभ झाला तो एका तालुक्याच्या गावी. जळगाव लोहमार्गावर होते, तेथे कापसाची बाजारपेठ होती आणि मुंबईशी त्याचा नित्य संबंध होता. कापसाच्या गाठी ज्या लोहमार्गाने मुंबईस जात, त्याच मार्गाने मासिकाचे अंकही दूरच्या वर्गणीदारांकडे जाऊ शकत होते.

केवळ कवितेवर मासिक चालविणे हे त्या काळी मोठे धाडस होते. बातम्या, निबंध, कादंबरीची प्रकरणे यांच्या आधाराने मासिकाचा खप वाढतो. काव्यरत्नावलीस हा आधार नव्हता. असे असूनही ते सुमारे अर्धशतक, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत टिकले. अमेरिकेतील शिकागो येथे हॅरिएट मन्रो यांनी सुरू केलेले 'पोएट्री' हे मासिक जगातील काव्यनियतकालिकांत अग्रगण्य समजले जाते. त्याचा आरंभ १९१२ मधील आहे. जळगावचे मासिक त्याच्या २५ वर्षे आधी निघाले होते, याची नोंद घेतली पाहिजे.

काव्यरत्नावलीचा काळ हा मराठी कवितेच्या स्थित्यंतराचा काळ होता. आरंभी कविता म्हणजे श्लोक, आर्या, संस्कृत काव्यांची भाषांतरे आणि पौराणिक आख्याने, अशीच सर्वसाधारण समजूत होती. त्याच सुमारास केशवसुतांनी कवितेत स्वतःच्या अनुभवाला, सामाजिक विषमतेविषयीच्या चिंतनाला आणि नव्या रचनाबंधांना स्थान दिले. जुन्या वळणाच्या रचनेबरोबरच केशवसुत आणि त्यांच्या पिढीतील कवींची नवी रचनाही काव्यरत्नावलीत येऊ लागली. जुने आणि नवे शेजारी शेजारी छापले गेल्यामुळे वाचकास दोहोंची तुलना करता आली. नव्या कवितेचा प्रसार होण्यास अशी तुलना फार उपयोगी पडते. कारण परिचित रचनेच्या सोबतीने येणारे अपरिचित लेखन वाचक सहसा टाकून देत नाही.

खानदेशची भूमीही या घडामोडींना अनुकूल ठरली. विनायक या नावाने प्रसिद्ध असलेले कवी विनायक जनार्दन करंदीकर यांचा जन्म १८७२ मध्ये धुळे येथे झाला. केशवसुत स्वतः विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे फैजपूर येथे शिक्षक होते. धरणगाव येथे १८९० मध्ये जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना तर जळगावानेच नवे नाव दिले. जळगाव येथे १९०७ मध्ये महाराष्ट्र कविसंमेलन भरले. विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ व वैद्यक अधिकारी डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर त्याचे अध्यक्ष होते. सतरा वर्षांच्या ठोमरे यांचे काव्यवाचन ऐकून कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' म्हणून गौरविले आणि पुढे महाराष्ट्राने त्यांना याच नावाने ओळखले. कवितेचे मासिक ज्या गावी वीस वर्षे चालत आले होते, त्या गावी कवींचा असा मेळावा भरावा, हे स्वाभाविकच होते.

कवितेचे कोठार

या पिढीतील कवींच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे नियतकालिकाचे खरे महत्त्व ध्यानात येते. केशवसुत १९०५ मध्ये हुबळी येथे प्लेगने मृत्यू पावले. त्यांच्या कवितांचा संग्रह हरि नारायण आपटे यांच्या प्रयत्नाने प्रसिद्ध झाला तो १९१७ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनंतर. 'दत्त' या नावाने लिहिणारे दत्तात्रय कोंडो घाटे हे वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी १८९९ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र विठ्ठल दत्तात्रय घाटे यांनी त्यांची कविता १९२२ मध्ये ग्रंथरूपाने आणली. बालकवींना १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात मृत्यू आला. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

आधुनिक मराठी कवितेचा पाया घालणाऱ्या या कवींना आपली समग्र कविता पुस्तकात पाहण्याचे भाग्य लाभले नाही. त्यांची रचना टिकली ती काही अंशी मित्रांच्या व आप्तांच्या वह्यांत आणि काही अंशी 'काव्यरत्नावली', 'करमणूक', 'मनोरंजन' यांसारख्या नियतकालिकांच्या अंकांत. संग्रहांच्या संपादकांना कवितेचा पाठ ठरविताना, तिचा काळ निश्चित करताना याच अंकांचा आधार घ्यावा लागतो. एखाद्या मासिकाचे जुने अंक वाळवीने खाल्ले किंवा रद्दीत गेले, तर त्यांच्याबरोबर एखाद्या अल्पायुषी कवीची एकमेव छापील कविता नाहीशी होण्याचा संभव असतो. त्या कवीचे नावही मग पुढील पिढीस कळत नाही.

जे अंकापर्यंत पोहोचले नाही

नियतकालिकाच्या या कार्यास एक मर्यादाही होती. काव्यरत्नावली ज्या वर्षांत निघत होते, त्याच वर्षांत जळगावमध्ये बहिणाबाई चौधरी शेतात आणि घरात काम करताना ओव्या रचीत होत्या. आसोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, मळ्यात, चुलीपुढे सुचलेली गाणी त्या म्हणत आणि त्यांपैकी काही त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी यांनी व एका आप्ताने लिहून ठेवली. बहिणाबाईंचे निधन १९५१ मध्ये झाले. त्यानंतर आचार्य अत्रे यांच्या आग्रहाने त्यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि सर्व महाराष्ट्र चकित झाला.

कवितेचे मासिक ज्या गावात होते, त्याच गावातील एवढी मोठी कवयित्री छापील पानापासून दूर राहिली, यात कोणा एकाचा दोष नाही. मासिकाचे जग वाचणाऱ्यांचे आणि लिहिणाऱ्यांचे होते. बहिणाबाईंचे जग बोलण्याचे आणि गाण्याचे होते. या दोन जगांना जोडणारा कोणी लिहून घेणारा असावा लागतो. बहिणाबाईंच्या घरी तो होता, म्हणून त्यांची गाणी उरली. ज्या घरी असा कोणी नव्हता, तेथील रचना गाणाऱ्या व्यक्तीबरोबरच लोपली. काव्यनियतकालिकांचा विचार करताना या गोष्टीचे विस्मरण होऊ नये.

मधला कालखंड

काव्यरत्नावली बंद झाल्यानंतर मराठी कविता मुख्यतः सर्वसाधारण वाङ्मयीन मासिकांच्या आश्रयाने वाढली. बडोद्याहून १९४३ पासून निघू लागलेले 'अभिरुची', मौज परिवाराचे 'सत्यकथा', पु. शि. रेगे यांनी १९५४ मध्ये सुरू केलेले 'छंद' यांनी नवकवितेस जागा दिली. त्याच दशकात 'शब्द' हे अनियतकालिक निघाले आणि पुढे लघुनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथून गंगाधर पानतावणे यांनी चालविलेल्या 'अस्मितादर्श'ने दलित साहित्यास हक्काचे व्यासपीठ मिळवून दिले.

या प्रकाशनांत कवितेचे स्थान महत्त्वाचे असले, तरी केवळ कवितेसाठी निघून दीर्घकाळ टिकणारे नियतकालिक मात्र नव्हते. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडल्यावर ही उणीव अधिकच जाणवू लागली. असाच अनुभव अन्य भाषांतही आलेला आहे. बुद्धदेव बसू यांनी कोलकात्याहून १९३५ मध्ये काढलेले 'कविता' हे बंगाली त्रैमासिक आधुनिक बंगाली कवितेचे मुख्य पीठ बनले; तेही सुमारे पंचवीस वर्षांनी थांबले. एका व्यक्तीच्या निष्ठेवर उभे असलेले नियतकालिक त्या व्यक्तीची शक्ती संपताच थांबते, असा बहुतेक ठिकाणचा क्रम आहे.

धुळ्याचे 'कवितारती'

अशा परिस्थितीत कवी व प्राध्यापक पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये धुळे येथून 'कवितारती' हे द्वैमासिक सुरू केले. 'अनुष्टुभ्' या वाङ्मयीन नियतकालिकाच्या संपादनाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता आणि 'तळ्यातल्या साउल्या' या संग्रहाने कवी म्हणून त्यांचा परिचय रसिकांना झालेला होता. कविता आणि कवितेविषयीचे लेखन, एवढेच या द्वैमासिकाचे क्षेत्र त्यांनी ठरविले आणि ते कटाक्षाने पाळले.

'कवितारती'चे कार्य तीन प्रकारचे आहे. नव्या कवीची कविता ज्येष्ठ कवीच्या कवितेबरोबर प्रसिद्ध करणे, हे पहिले. मराठीतील महत्त्वाच्या कवींवर विशेषांक काढून त्यांच्या काव्याचे सांगोपांग विवेचन उपलब्ध करून देणे, हे दुसरे. महाविद्यालयीन अध्यापकांना व विद्यार्थ्यांना या अंकांचा संदर्भग्रंथांप्रमाणे उपयोग झाला आहे. आणि काव्यसमीक्षेला नियमितपणे जागा देणे, हे तिसरे. ग्रामीण भागातून येणाऱ्या, बोलीचा आधार घेणाऱ्या कवितेसही या द्वैमासिकाने आपलेसे केले.

पुरुषोत्तम पाटील यांचे २०१७ मध्ये निधन झाले. संपादकाबरोबर नियतकालिक संपते, हा वर सांगितलेला क्रम येथे मात्र मोडला. संस्थापकानंतरही 'कवितारती' चालू राहिले. मराठी काव्यनियतकालिकांच्या इतिहासात ही घटना महत्त्वाची आहे.

नियतकालिक कशावर चालते ?

कवितेच्या नियतकालिकाचा खर्च समजून घेणे कठीण नाही. कागद, अक्षरजुळणी, छपाई, बांधणी आणि टपाल हे त्याचे मुख्य भाग. वर्गणीदारांची संख्या मर्यादित असल्याने प्रत्येक प्रतीवर पडणारा खर्च अधिक असतो. जाहिराती थोड्या मिळतात. संपादन, मुद्रितशोधन, पत्रव्यवहार ही कामे बहुधा विनावेतनच केली जातात. आलेल्या कविता वाचणे, नाकारलेल्या कवितेबद्दल दोन ओळी लिहून कळविणे, वृत्तातील दोष दाखविणे, यांत संपादकाचा फार वेळ जातो. वाचकाला हे श्रम दिसत नाहीत. परंतु नवा कवी घडतो तो याच पत्रांमुळे.

शिकागोच्या मासिकासाठी हॅरिएट मन्रो यांनी शंभर नागरिकांकडून प्रत्येकी ५० डॉलर दरसाल, असे पाच वर्षांसाठी वचन घेतले होते. एखाद्या धनिकाच्या मोठ्या देणगीची वाट न पाहता अनेकांच्या लहान व निश्चित साहाय्यावर त्यांनी भिस्त ठेवली. त्या मासिकास कोट्यवधी डॉलरांची देणगी मिळाली ती २००२ मध्ये, आरंभानंतर तब्बल ९० वर्षांनी. तोवर ते तगले ते मुख्यतः नियमित साहाय्यकांच्या बळावर. आपल्याकडेही वार्षिक वर्गणी वेळेवर भरणारा वाचक हाच अशा नियतकालिकाचा खरा आधारस्तंभ होय.

शासनाच्या स्तरावरही काही व्यवस्था आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली व तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष होते. वाङ्मयीन नियतकालिकांना अनुदान देणे आणि नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास साहाय्य करणे, या मंडळाच्या योजना आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळते व त्यातून ग्रंथांप्रमाणे नियतकालिकेही घेता येतात. ग्रंथालयांनी मागवावयाच्या नियतकालिकांच्या यादीत एखादे काव्यविषयक नियतकालिक असावे, हा निर्णय ग्रंथालयाची कार्यकारी समितीच घेऊ शकते. त्यासाठी निराळ्या आदेशाची आवश्यकता नाही.

सोलापूरसारख्या श्रमिक नगरीत

जळगाव आणि धुळे यांचा हा इतिहास अन्य जिल्ह्यांना उद्बोधक आहे. सोलापूरचेच उदाहरण घेता येईल. या शहराने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद १९४१ मध्ये वि. स. खांडेकर यांच्या आणि २००६ मध्ये मारुती चितमपल्ली यांच्या अध्यक्षतेखाली भूषविले. कवी कुंजविहारी, कवी संजीव, दत्ता हलसगीकर यांची काव्यपरंपरा या शहरास लाभलेली आहे. दुसरीकडे हे शहर मागांचे आहे. अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीत यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल विणले जातात. शहरातील असंख्य स्त्रिया विड्या वळून संसारास हातभार लावतात. मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू या भाषा येथील घराघरांत बोलल्या जातात.

मागावर काम करणारा मनुष्य कविता लिहू शकतो, हे नव्याने सिद्ध करण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या नारायण सुर्वे यांनी १९६२ मध्ये 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह देऊन ते सिद्ध केले आहे. प्रश्न आहे तो अशा लेखनाची वाट मोकळी करण्याचा. १९५३ च्या कामगार कल्याण निधी अधिनियमानुसार स्थापन झालेले महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कल्याण केंद्रे व ग्रंथालये चालविते आणि कामगार साहित्य संमेलनेही भरविते. औद्योगिक वसाहतीजवळच्या वाचनालयात, कामगारवस्तीतील शाळेत एखादे काव्यनियतकालिक नियमित आले, तर कविता कोठे पाठवावी, आज कशी कविता लिहिली जाते, याची माहिती तेथील तरुणास घरबसल्या मिळेल. आणि ज्यांना लिहिता येत नाही अशा आजी-आयांची गाणी, त्या ज्या भाषेत म्हणतात त्याच भाषेत, शाळेतील मुलांनी वहीत उतरवून घेतली, तर बहिणाबाईंच्या बाबतीत सोपानदेवांनी केलेले कार्य शाळेच्या पातळीवर होऊ शकेल.

करता येण्याजोगी कामे

या दिशेने शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रंथालयांचे पदाधिकारी यांना फारसा खर्च न करता काही कामे हाती घेता येतील. गावातील अथवा शाळेतील ग्रंथालयाने एका काव्यनियतकालिकाची वार्षिक वर्गणी भरावी व ती खंडित होऊ देऊ नये. वर्षाअखेरीस सर्व अंक एकत्र बांधून त्यांची ग्रंथांप्रमाणे दाखलनोंद करावी. जुन्या घरांतून रद्दीत जाणाऱ्या मासिकांकडे लक्ष ठेवून त्यांतील दुर्मिळ अंक जिल्हा ग्रंथालयाकडे अथवा मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे सुपूर्द करावेत. जिल्ह्यातून निघणाऱ्या लहान नियतकालिकांच्या संपादकांना नोंदणीसंबंधीच्या नियमांची आणि राष्ट्रीय ग्रंथालयांकडे प्रती पाठविण्यासंबंधीच्या १९५४ च्या अधिनियमाची माहिती करून द्यावी. कारण अशा रीतीने पाठविलेली प्रत कायमची जतन होण्याची शक्यता अधिक असते.

तालुक्याच्या गावी एका संपादकाने आरंभिलेले कार्य अर्धशतक टिकू शकते, हे काव्यरत्नावलीने दाखवून दिले. आणि संपादकामागेही ते चालू राहू शकते, हे कवितारतीने दाखविले. दोन्ही ठिकाणी संपादकाच्या श्रमांना साथ दिली ती गावोगावच्या वर्गणीदारांनी आणि ग्रंथालयांनी. कवितेच्या नियतकालिकांचे पुढील आयुष्यही या साथीवरच अवलंबून राहणार आहे.